उरलेली अंडी

गेल्या महिन्यात नातवाने अंडी उबवायचं यंत्र मागवलं. एक प्लास्टिकचा डबा, वर पारदर्शक झाकण, आत पंखा आणि आकडे दाखवणारी छोटी पट्टी. चोवीस अंड्यांची सोय. घरामागे त्याच्या सहा-सात गावठी कोंबड्या आहेत आणि एक अत्यंत गर्विष्ठ कोंबडा आहे. वीस अंडी जमली तशी त्याने ती यंत्रात मांडली आणि रोज शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी यंत्राकडे धाव घ्यायची असा एकवीस दिवसांचा नेम धरला. (अभ्यासाच्या बाबतीत असा नेम मी अजून पाहिलेला नाही. असो.)

सातव्या रात्री त्याने मोबाइलच्या उजेडावर एकेक अंडं धरून पाहिलं. पाच अंडी आरपार स्वच्छ, आत काहीच धरलेलं नाही. ती बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवली. एकविसाव्या दिवशी उरलेल्या पंधरातून अकरा पिल्लं बाहेर आली. आणखी दोन दिवस वाट पाहिली. चार अंडी तशीच राहिली.

मग साहेब माझ्याकडे आले. म्हणाले, "आजोबा, ही उरलेली नऊ अंडी फुकट कशाला घालवायची? फोडून कोंबड्यांना घातली तर चालतील?"

प्रश्न साधा होता. मी मात्र चष्मा काढून पुसत बसलो. कारण हाच प्रश्न मी साठ वर्षांपूर्वी कुणाला न विचारता सोडवला होता. ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास. जन्मभर शिकवला तोच विषय, आता ऐकायला वर्ग नाही, तर तुम्ही सापडलात.

अंडी कोंबडीशिवाय उबवणं ही काही आजच्या यंत्रांची करामत नव्हे. अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहिलेल्या प्राण्यांच्या इतिहासात म्हटलं आहे की इजिप्तमध्ये अंडी शेणखताच्या ढिगात पुरून उबवतात. त्याच ठिकाणी त्याने सिराक्यूजच्या एका दारुड्याची गोष्ट दिली आहे. हा गृहस्थ चटईखाली अंडी ठेवून वर बसायचा आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत पीत राहायचा. आता ही थाप की खरं, ते अ‍ॅरिस्टॉटलच जाणे. पण याच माणसाने उबवणीतलं अंडं वेगवेगळ्या दिवशी फोडून आत काय घडतं ते पाहिलं, आणि तीन दिवसांनंतर रक्ताचा एक ठिपका धडधडताना दिसतो, तेच हृदय, असं नोंदवून ठेवलं. रोममध्ये सम्राट टायबेरिअसच्या आईची, लिव्हियाची, कथा सांगतात. पोटातलं मूल मुलगा आहे की मुलगी हे पाहण्यासाठी तिने एक अंडं अंगाच्या उबेत उबवलं म्हणे. ती आणि तिच्या दासी आळीपाळीने ते अंडं धरून बसत. त्यातून तुऱ्याचा कोंबडा निघाला!

इजिप्तची खरी करामत मात्र त्यांच्या भट्ट्यांत होती. कच्च्या विटांची मोठी इमारत, मधून एक लांब बोळ आणि बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्यांच्या जोड्या. खालच्या खोलीत चटईवर अंडी, वरच्या खोलीत वाळलेलं शेण आणि काडीकचरा धुमसत ठेवलेला. एकेका भट्टीत हजारो अंडी असत. थर्मामीटर नाही, आकडे दाखवणारी पट्टी नाही. भट्टीवाला अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावायचा आणि ऊब बरोबर आहे की नाही हे सांगायचा. ही विद्या नाईलच्या मुखाजवळच्या बर्मा नावाच्या गावातल्या लोकांकडे बापाकडून मुलाकडे चालत आलेली होती.

या सगळ्याचं सविस्तर वर्णन युरोपला करून दिलं ते रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने. तापमापकाची एक पट्टी त्याच्या नावाने आहे. बर्फ शून्यावर आणि उकळतं पाणी ऐंशीवर, ही ती पट्टी. १७४९ साली त्याने अंडी उबवण्याच्या कलेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वतः त्याने शेणखताच्या ढिगात पिंपं पुरून त्यांत अंडी ठेवली, भट्टीच्या उबेवर प्रयोग केले, कित्येकदा फसला. कोंबडीखालची ऊब त्याच्या पट्टीवर सुमारे ३२ अंश, म्हणजे आपल्या सेल्सियसमध्ये ४०, हे त्याने मोजून सांगितलं. पापणीचं काम काचेच्या नळीने करायला घेतलं ते असं.

रेओम्यूरच्या या वर्णनातली एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे. भट्टीवाला आणि भट्टीचा मालक यांच्यात करार असे. भट्टीवाल्याने जितकी अंडी घेतली त्याच्या दोन तृतीयांश पिल्लं द्यायची. पंचेचाळीस हजार अंड्यांमागे तीस हजार पिल्लं. त्यापेक्षा जास्त निघाली तर तो भट्टीवाल्याचा फायदा. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्यांनीसुद्धा तिसरा हिस्सा बुडीत धरलेला होता. नातवाचे वीसपैकी अकरा निघाले म्हणून तो हिरमुसला होता, त्याला मी हा हिशेब सांगितला. जरा बरं वाटलं त्याला.

पण या तिसऱ्या हिश्श्याचं काय करायचं? उबवणीच्या इतिहासाइतकाच हा प्रश्न जुना आहे. फिलिपाइन्समध्ये बदकाची अर्धी उबलेली अंडी उकडून माणसंच आवडीने खातात. बालुत म्हणतात त्याला. जिथे तशी चाल नव्हती तिथे उरलेलं अंडं उकिरड्यावर जायचं, नाहीतर पुन्हा कोंबड्यांच्या पुढ्यात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत या प्रश्नाला मोठं रूप आलं. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात लायमन बाइस आणि आयझॅक डायस यांनी १८७९ च्या सुमारास व्यवहारात चालेल असं उबवणी यंत्र तयार केलं. रॉकेलच्या दिव्याची ऊब आणि ती कमीजास्त करणारी कळ. पुढे हे गाव जगाची अंड्यांची टोपली म्हणून मिरवू लागलं. इंग्लंडमध्ये १८८१ साली हिअर्सनने ऊब आपोआप सांभाळणारी एक नाजूक डबी यंत्रात बसवली. १९१८ साली स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने पंख्याने गरम हवा खेळवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि एका खोलीत हजारो अंडी मावू लागली. नातवाच्या डब्यातला तो चिमुकला पंखा त्याच वंशातला.

यंत्रं आली तशी उरलेली अंडीही ढिगाने आली. काटकसरी शेतकऱ्यांनी त्यावर एक रीत बसवली. सातव्या दिवशी दिव्यापुढे धरून जी अंडी स्वच्छ दिसतील ती काढायची, कडक उकडायची, कुस्करून पावाच्या चुऱ्यात मिसळायची आणि नव्या पिल्लांना पहिला घास म्हणून घालायची. रीत चांगली होती. प्रथिनं, चरबी, जीवनसत्त्वं, सगळं त्या घासात आहे. एका पिल्लाला एकवीस दिवस पुरेल असा शिधा निसर्गाने त्या टरफलात बांधून दिलेला असतो. तो वाया का घालवायचा?

पण रीत पाळताना माणूस आळस करतो. उकडायचा कंटाळा. इंधनाचा खर्च. आणि कोंबड्या तर कच्चं अंडं अधाशासारखं खातात, मग कशाला ते सोपस्कार?

याच काळात अमेरिकेत पिल्लांची एक साथ शेतकऱ्यांना रडकुंडीला आणत होती. अंड्यातून निघालेली पिल्लं चार-आठ दिवसांत पंख पाडून, डोळे मिटून, एकमेकांना चिकटून बसायची. मागच्या बाजूला पांढरी विष्ठा चिकटायची, आणि पंधरवड्यात निम्मा-अर्धा घोळका आटपायचा. याला पांढरी हगवण म्हणत. लिओ रेटगर या जंतुशास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास तिचा जंतू शोधला. हा जंतू टायफॉइडच्या जंतूच्या गोतातला. आज त्याला साल्मोनेला पुलोरम म्हणतात.

पुढच्या दहा वर्षांत रेटगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या रोगाचं चक्र उलगडलं, आणि ते चक्र कुणाही शिक्षकाने फळ्यावर काढावं इतकं स्वच्छ आहे. जे पिल्लू या रोगातून वाचतं ते मोठं होऊन धडधाकट कोंबडी दिसतं. पण जंतू तिच्या अंडाशयात मुक्काम ठोकतो. ती अंडी घालते, काही अंड्यांच्या बलकातच जंतू असतो. त्यांतली काही अंडी उबवणीत मरतात. काही फुटून पिल्लं येतात, ती आजारी पडतात आणि शेजारच्या निरोगी पिल्लांना रोग देतात. एखादं वाचतं आणि पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून बघणाऱ्याला कोंबडी ठणठणीत आणि अंडं शुभ्र. दोष दिसायचा तो फक्त मेलेल्या पिल्लांत.

आता या चक्रात आपलं उरलेलं अंडं ठेवून पाहा. उबवणीत मेलेलं अंडं म्हणजे जंतू असण्याची शंका ज्याच्यावर आधी घ्यायची ते अंडं. शिवाय ते तीन आठवडे कोंबडीच्या उबेत ठेवलेलं, म्हणजे जंतूंना वाढायला आयती चूल. ते कच्चं फोडून घोळक्याला घातलं, तर रोग एका कोंबडीपुरता राहत नाही. चोचीचोचीने वाटला जातो.

१९१६ साली रेटगर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी तपासलं की अंडं शिजवल्यावर हा जंतू मरतो का. उत्तर होतं, कसं शिजवता त्यावर. अर्धवट उकडलेल्या, गरम पाण्यात नुसत्या ठेवलेल्या, किंवा तव्यावर एकाच बाजूने भाजलेल्या अंड्याच्या बलकात जंतू जिवंत राहू शकतात असं त्यांना आढळलं. म्हणजे 'उकडलं' एवढं म्हणून भागत नाही. बलक मधोमध कोरडा आणि घट्ट व्हायला हवा. पुढे रक्ताच्या तपासणीने रोग बाळगणाऱ्या कोंबड्या शोधून वेगळ्या काढण्याची पद्धत रुळली. १९३५ साली अमेरिकेत त्यासाठी देशव्यापी योजना सुरू झाली आणि तिथल्या व्यावसायिक कळपांतून हा रोग जवळजवळ हद्दपार झाला. आपल्याकडच्या परसात मात्र तशी तपासणी कोण करतं?

कच्च्या अंड्याचा दुसरा दोष वेगळ्याच वाटेने सापडला. १९२७ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस या संशोधिकेने उंदरांना प्रथिन म्हणून कच्चा पांढरा बलक वाळवून घातला. उंदरांचे केस गळाले, कातडी सोलली, चाल लटपटली. तोच बलक शिजवून घातला तर काही नाही! कारण कळायला तेरा-चौदा वर्षं गेली. पांढऱ्या बलकात अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं. ते बायोटिन या जीवनसत्त्वाला असं घट्ट धरतं की ते शरीराला मिळतच नाही. शिजवलं की त्याची पकड सुटते. एखादं कच्चं अंडं खाल्लं म्हणून काही होत नाही, पण रोजचा रतीब लावला तर त्रास.

आणि तिसरा दोष कुठल्याही प्रयोगशाळेला सांगायची गरज नाही, तो आमच्या कोकणातल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक होता. कोंबडीला कच्च्या अंड्याची चव लागली की ती आपलीच अंडी फोडायला शिकते. एक शिकली की बाकीच्या बघून शिकतात.

मग आमच्याकडे रीत काय होती?

आमची आजी शाळेत गेली नव्हती. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंगाचा फुगारा करून गुरगुरायला लागली, की ती टोपलीत भाताचा पेंढा घालून तिला बसवायची. अंडी नेहमी विषम, अकरा नाहीतर तेरा. आठव्या रात्री, कोंबडी चरून परत यायच्या बेताला, आजी कंदील घेऊन बसायची. एकेक अंडं मुठीत धरून कंदिलाच्या काचेपुढे न्यायची. आत जाळं दिसलं तर परत टोपलीत. स्वच्छ दिसलं तर बाजूला. ही स्वच्छ अंडी ती चुलीवर भाताच्या पेजेत सोडायची, चांगली दगडासारखी होईपर्यंत. त्यातलं एखादं मला, बाकी टरफलासकट कुस्करून कोंड्यात कालवून कोंबड्यांना. एकविसाव्या दिवसानंतर जी राहायची त्यांची वाट वेगळी. ती उकडायचीही नाहीत, फोडायचीही नाहीत. माडाच्या मुळाशी हातभर खड्डा खणून पुरायची, वर राख. ती म्हणायची, "कोंबडीला कोंबडीचं उकडल्याबिगर घालायचं नाय. आन् कुजलेलं तर उकडूनबी नाय."

रेटगरचा निबंध कधी वाचला नव्हता तिने. कंदिलापुढे बसून तिने तेच सांगितलं होतं.

हे दुसरं वाक्य मला पुढे फार वर्षांनी, वर्तमानपत्र वाचताना आठवलं. १९८६ साली ब्रिटनमध्ये गाईंचा मेंदू सडवणारा एक रोग ओळखला गेला. गाईंच्या खाद्यात गाई-मेंढ्यांच्या हाडामांसाची भुकटी मिसळत होते, त्यातून तो पसरला होता. १९८८ मध्ये ती भुकटी गुरांना घालण्यावर बंदी आली. १९९६ मध्ये तिथल्या सरकारने मान्य केलं की माणसातल्या एका जीवघेण्या रोगाशी त्याचा संबंध असावा. त्या रोगाचा कारक साध्या उकळण्याने नष्ट होत नव्हता. अंड्यातल्या जंतूंना कडक उकडणं पुरतं, पण म्हणून उकळणं सगळ्यालाच पुरतं असं नाही. जनावराला त्याचंच अवशेष घालताना दोनदा विचार करावा, एवढं शहाणपण त्यातून घ्यायचं.

आणि आपल्याकडची उदाहरणं तर अजून जवळची. आपण जिला मानमोडी म्हणतो ती कोंबड्यांची साथ हिंदुस्थानात १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँमधल्या राणीखेतला ओळखली गेली, म्हणून तिचं नावच राणीखेत पडलं. तिची लस मुक्तेश्वरच्या संशोधन केंद्रात तयार झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लाखो कोंबड्या मारल्या, अंडी आणि खाद्यसुद्धा पुरून टाकलं. २०२१ साली पुन्हा तेच गाव, पुन्हा तेच खड्डे. त्या वेळी अंडी पुरताना हळहळणाऱ्या माणसांची छायाचित्रं बघताना मला आजीचा तो हातभर खड्डा दिसत होता. साथ असेल तेव्हा काटकसर नाही. अंडं उकडायचं नाही, घालायचं नाही, सरळ पशुवैद्याला कळवायचं.

आता माझी गोष्ट.

साल १९६३. मी बारा वर्षांचा. वडील मुंबईला गिरणीत, घरी आजी, आई, मी आणि धाकटी बहीण. आमच्या पलीकडच्या घरात एक काकी एकट्या राहायच्या. लहानपणी वैधव्य आलेल्या. रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर यायच्या, आजीशी सुपारी कातरत बसायच्या, मला पाढे म्हणायला लावायच्या. त्यांच्या माहेरी मोठ्या पांढऱ्या कोंबड्या होत्या. माघात त्या माहेराहून आल्या तेव्हा आजीसाठी तेरा अंडी घेऊन आल्या, पेंढ्यात गुंडाळून, एसटीतून मांडीवर सांभाळत.

आजीने ती बसवली. आठव्या रात्री दोन स्वच्छ निघाली, एक मी खाल्लं. अकरातून सात पिल्लं आली. चार अंडी राहिली. आजीने मला कुदळ दिली आणि सांगितलं, माडाखाली पुरून ये. खाली मैदानात पोरं विटीदांडू खेळत होती. जमीन वाळून दगड झालेली. मी मागीलदारी गेलो, धोंड्यावर चारही अंडी फोडली. घाण सुटली. पण कोंबड्या धावून आल्या आणि बघता बघता सगळं साफ. मी मातीत कुदळीचे दोन घाव घालून खड्डा केल्यासारखं केलं आणि पळालो.

सातातली तीन पिल्लं आठवड्यात गेली. असं होतंच, घार नेते, मुंगूस नेतं, काही अशीच जातात. कुणी मनावर घेतलं नाही. वैशाखात आजीने आमच्याच कोंबडीखाली आमचीच अंडी बसवली. अकरा पिल्लं आली आणि दहा दिवसांत नऊ मेली. पंख पाडून, डोळे मिटून, मागे पांढरं चिकटलेलं. दोन कोंबड्या आपलीच अंडी फोडायला लागल्या त्या वेगळ्याच. शिमग्याला आणि आखाडात विकायचे कोंबडे हीच आजीच्या हातातली स्वतःची मिळकत. मनीऑर्डर उशिरा आली की मीठमिरची त्यावर चालायची. त्या वर्षी विकायला काही राहिलं नाही.

आणि मग कुणीतरी म्हणालं, नजर लागली. कुणाची, हे म्हणायची गरज नव्हती. अंडी कुणाच्या हातची होती? एकटी बाई, पदरी मूल नाही, दुसऱ्याची पिल्लं बघून... वगैरे. आजी स्वतः तसं कधी बोलली नाही, पण जे बोलत होते त्यांना तिने अडवलंही नाही. काकींना ते कळलं. त्या ओटीवर यायच्या बंद झाल्या. दोन-तीन वर्षांनी घर बंद करून भावाकडे गेल्या. जाताना माझ्या हातावर चार आणे ठेवले आणि म्हणाल्या, "शिकत राहा रे."

मी काही बोललो नाही. मला माझ्या त्या चार अंड्यांचा आणि मेलेल्या पिल्लांचा संबंध कळत नव्हता असं म्हणून सुटता आलं असतं. खरं सांगायचं तर, आजीने सांगितलेलं मी केलं नाही आणि त्यानंतर वाईट झालं, एवढं बारा वर्षांच्या पोराला पुरेसं कळतं. मार बसेल म्हणून गप्प राहिलो. मग काकी गेल्या. मग आजी गेली, १९७८ साली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही असं मी वर्गात किती वेळा शिकवलं असेल! वाक्प्रचार, अर्थ आणि वाक्यात उपयोग. स्वतःच्या बाबतीत मात्र साठ वर्षं टोपली दाबून धरली.

पांढऱ्या हगवणीबद्दल मी निवृत्तीनंतर कधीतरी वाचलं. पंख पाडणं, डोळे मिटणं, मागे चिकटलेलं पांढरं. वाचता वाचता मागीलदार डोळ्यांसमोर उभं राहिलं. तो तोच रोग होता हे आज सिद्ध करता येणार नाही. कदाचित मी ती अंडी पुरली असती तरी त्या वाचलेल्या चार पिल्लांतून रोग घरात शिरलाच असता. इतिहासाच्या शिक्षकाने पुराव्यापलीकडे बोलू नये. पण एवढं नक्की की तो जंतू असो की दुसरं काही, ती नजर नव्हती. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या शुभ्र अंड्यात काय आहे हे काकींना कळायला काही मार्ग नव्हता. त्यांनी मांडीवर सांभाळून भेट आणली होती. त्यांच्या नावावर जे लागलं त्यातला मोठा वाटा माझ्या आळसाचा आणि त्याहून मोठा माझ्या गप्प बसण्याचा.

घरच्या मंडळींपैकी बरेच जण हे आज पहिल्यांदाच वाचत असतील. बहिणीला परवा फोन करून सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काकींची कातरलेली सुपारी किती बारीक असायची, आठवते का रे तुला?" आठवते.

तर नातवाच्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही दोघांनी मिळून केलं ते असं. फ्रिजमधली पाच स्वच्छ अंडी आधी एकेक करून तपासली. तडा नाही, वास नाही, ओघळ नाही. पाण्याला उकळी आल्यावर वीस मिनिटं ठेवली. गार झाल्यावर टरफलासकट अशी बारीक कुस्करली की अंडं म्हणून ओळखू येऊ नये. कोंड्यात आणि कणीत कालवून थोडं थोडं, त्याच दिवशी संपेल इतकंच घातलं. संध्याकाळी उरलेलं उचलून टाकलं. आपली परसातली, धडधाकट कळपाची अंडी म्हणून हे केलं. बाहेरून आणलेली, औषधाची धुरी दिलेली किंवा आजारी कळपातली असती तर हेही केलं नसतं.

शेवटपर्यंत न फुटलेली चार अंडी मात्र फोडली नाहीत. अशा अंड्यात वायू कोंडलेला असतो, धक्क्याने फटकन फुटतात आणि चार दिवस घरात वास राहतो. हळूच कागदात गुंडाळून माडाकडे नेली. नातवाने कुदळ मागितली. म्हटलं, राहू दे, हे माझं काम आहे. हातभर खड्डा खणायला मला तीनदा बसावं लागलं. चुना टाकला, माती लोटली, वर दगड ठेवला कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. मग दोघांनी साबणाने हात धुतले.

नातू म्हणाला, "आजोबा, चार अंड्यांसाठी केवढा खड्डा!"

म्हटलं, बाकी होता तो.

तुमच्याकडे, तुमच्या आजी-पणजीकडे या उरलेल्या अंड्यांचं काय करायचे? कंदिलाची रीत अजून कुणाला आठवते का? जरूर कळवा.